लातूरमध्ये गळती शोधून देणारी सर्व्हिस: किरायाच्या फ्लॅटचा आमचा अनुभव (५ पैकी ४)

ही माणसं गळती शोधून देतात, बंद करायचं काम वेगळं आणि त्याचे पैसेही वेगळे. हे आधीच सांगते कारण फोनवर मलाही वाटलं होतं की २,२०० रुपयात सगळं होऊन जाईल. तसं नाही. २,२०० मध्ये दोन वेळा येऊन सगळ्या टेस्ट करतात आणि पाणी कुठून येतंय ते कागदावर लिहून देतात, बस. पण त्या कागदामुळं आमचं ३०,००० चं डिपॉझिट वाचलं आणि घरमालकांशी बोलणं बंद व्हायची वेळ आली होती तीही टळली, म्हणून एवढं मोठं लिहायलेय.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. मुलगी अकरावीला आली तेव्हा जून २०२४ मध्ये औसा रोडच्या बाजूला फ्लॅट किरायानं घेतला, वन बीएचके, दुसरा मजला, महिना ९,५००. मुलांच्या मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी लातूरला येऊन राहणाऱ्या माझ्यासारख्या आया प्रत्येक अपार्टमेंटमध्ये दोन-तीन तरी असतात, मिस्टर गावाकडं शेती बघतात आणि मी इथं डबा, क्लासच्या वेळा आणि टेस्ट सिरीज सांभाळते. बिल्डिंग चौदा-पंधरा वर्षांची असेल, फ्लॅट तसा चांगला, हवेशीर.

जानेवारी २०२५ मध्ये बेडरूमच्या भिंतीला ओल दिसली. बाथरूमच्या पाठीमागची जी भिंत ना, तिला, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत. आधी वाटलं फरशी पुसताना पाणी लागलं असेल. मार्चपर्यंत पुट्टीचे पोपडे सुटून पलंगावर पडायला लागले आणि भिंतीला लागून जे कपाट होतं त्याच्या खालच्या फळीवरच्या बायोलॉजीच्या दोन वह्या फुगून गेल्या, शाई पसरली. पोरगी रडली नाही पण रात्री एक वाजेपर्यंत बसून परत लिहून काढत होती, ते बघून मलाच कसंतरी झालं.

काकांना म्हणजे घरमालकांना फोन केला. काका वाईट माणूस नाहीत, रिटायर्ड आहेत, शेजारच्याच गल्लीत राहतात. पण ते म्हणाले, "ताई, तुम्ही गीझर बसवल्यापासून हे चालू झालंय बगा. आधीचे किरायदार पाच वर्षं ऱ्हायले, एक थेंब नव्हता." आणि खरंच आम्ही नोव्हेंबरमध्ये गीझर बसवला होता, आमचा स्वतःचा, आम्हीच बोलावलेल्या प्लंबरकडून. मला उत्तरच देता येईना.

मग काकांनी एक वॉटरप्रूफिंगवाला आणला. त्यानं बेडरूमच्या बाजूनं भिंत खरवडून केमिकलचे दोन हात मारले, वरून पुट्टी, वरून कलर, ९,००० झाले. निम्मे निम्मे ठरलं म्हणून ४,५०० मी दिले. दोन महिनेसुद्धा टिकलं नाही, उलट ओल आधी गुडघ्याएवढी होती ती कमरेपर्यंत चढली. याचं कारण मला नोव्हेंबरमध्ये कळलं. पाणी आत भिंतीत येतच होतं, आणि आपण बाहेरून तोंड बंद केल्यावर त्याला वाळायला जागाच राहिली नाही, मग ते वर सरकत गेलं. पाईपची गळती असेल तर खोलीच्या बाजूनं केमिकल मारून काही होत नाही, हे त्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर सप्टेंबर २०२५. तो पाऊस मराठवाड्यात कुणीच विसरणार नाही. आमचं सोयाबीन पाण्यात गेलं, आणि इकडं फ्लॅटमध्ये खिडकीच्या बाजूच्या भिंतीला नवीन ओल, खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या बाथरूमच्या छतातून टिपटिप. त्या वहिनी भांडायला आमच्या दारात, काका म्हणतात मी डिपॉझिटमधून कापून घेतो, आणि दुसरा एक कॉन्ट्रॅक्टर येऊन पाच मिनिटांत सांगून गेला की बाथरूम संडास दोन्हीच्या सगळ्या फरश्या फोडाव्या लागतील, ३८,००० होतील. टॉर्चसुद्धा लावला नाही त्यानं. तेवढ्या आठवड्यात मला झोप नव्हती, कारण ज्या वर्षी शेतातून काही येणार नाही त्या वर्षी तीस हजार म्हणजे पोरीच्या क्लासचा हप्ता.

या लोकांचा नंबर मला गंजगोलाईतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. मी तिथं गळतीवर लावायला काही मिळतं का विचारायला गेले होते. दुकानदार म्हणाले, "आधी कुठून येऊलालंय ते बगा, मग माल न्या." असं सांगणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघितला. दोघंजण आहेत, एक वयस्कर मिस्त्री, मी त्यांना मामाच म्हणते, आणि त्यांचा भाचा जो मीटर वगैरे बघतो. नाव नंबर इथं टाकत नाही, त्यांना न विचारता टाकणं बरोबर नाही आणि दोघंच असल्यामुळं आधीच त्यांना वेळ पुरत नाही.

फोनवरच मामांनी एक गोष्ट सांगितली की पहिल्या दिवशी हातोडा गाडीतच ऱ्हाईल. आणि तसंच केलं. आल्यावर भिंतीकडं बघायच्या आधी खुर्चीवर बसून मला विचारत बसले. ओल रोज सारखी असते का कमी-जास्त होते? नळाला पाणी येतं त्या दिवशी वाढते का? पाऊस पडल्यावर किती वेळानं वाढते? घर बंद करून गावाला गेला होतात तेव्हा वाळली होती का? हा शेवटचा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मे महिन्यात आम्ही दहा दिवस गावाला होतो, परत आलो तेव्हा बेडरूमची ओल होती तशीच होती. मामा लगेच म्हणाले, "मग ते तुमच्या अंघोळीचं पाणी न्हाई अक्का. वापर बंद आसताना बी वलं ऱ्हातंय म्हणजे चोवीस तास टाकीचा दाब असलेली लाईन गळूलालीय."

मी काकांनाही बोलावून घेतलं होतं, ते आले, आणि हे बरं झालं. माझ्या एकटीसमोर टेस्ट झाल्या असत्या तर त्यांनी मानलं नसतं.

टेस्ट अशा केल्या. बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करून नळाच्या जागी एक हातपंप आणि काट्याचं मीटर जोडलं, लाईनमध्ये दाब भरला आणि काटा बघत बसलो. थंड पाण्याच्या लाईनचा काटा अर्धा तास जागचा हलला नाही. मग गरम पाण्याची लाईन, तर दहा मिनिटांत काटा खाली यायला लागला. काका चष्मा काढून पुसून परत बघत होते. मग नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या भोकाला, बूच मारून बाथरूममध्ये दोन इंच पाणी साठवलं, त्यात कपड्याची नीळ टाकली, भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली आणि चोवीस तास कुणी बाथरूम वापरायचं नाही. (खालच्या वहिनींनी तो एक दिवस आम्हाला त्यांचं बाथरूम वापरू दिलं, ज्या भांडायला आल्या होत्या त्यांनीच.) दुसऱ्या दिवशी पाणी खुणेवरच होतं आणि खालच्या छताला निळा डाग कुठंच नाही. म्हणजे फरशा, सांधे, ट्रॅप सगळं ठीक होतं. ज्या फरशा फोडायला ३८,००० सांगितले होते त्यात काही दोषच नव्हता, खाली जे टिपकत होतं ते त्या गरम लाईनचंच पाणी स्लॅबवरून पसरून जात होतं.

खिडकीकडच्या ओलीसाठी भाच्यानं गच्चीवर जाऊन पावसाच्या पाईपमध्ये बादल्यांनी पाणी ओतलं. वीसेक मिनिटांत आमच्या भिंतीची ओल वाढली. डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगचे पाईप जातात त्या बोळात, उतरून बघितलं तर पावसाळी पाईपचा सांधा निसटलेला. तो पाईप सगळ्या बिल्डिंगचा, एका फ्लॅटचा नाही.

आणि आता गॅलरी. गॅलरीची भिंत दिसायला सगळ्यात खराब होती, पांढरे क्षार फुटलेले, रंग सोललेला, काका पहिल्यापासून तीच दाखवत होते. भाच्यानं दोन सुयांचं ओल मोजायचं मीटर भिंतीला लावलं तर भिंत पूर्ण कोरडी. मामांनी खाली वाकून फरशीवरचे चार गंजाचे ठिपके बघितले आणि मला विचारलं, "हितं कूलर होता का?" होता. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत, पोरीला दुपारी अभ्यासाला बसता यावं म्हणून, आणि त्याची टाकी एका कोपऱ्यातून ठिबकत होती ते मला दिसत होतं, मी खाली फडकं टाकून ठेवलं होतं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की कुकरच्या तळाला पांढरा थर बसतो, तेच पाणी दोन-अडीच महिने भिंतीत मुरलं. मामा म्हणाले, "हे तुमचं हाय अक्का, ह्यात मालकाचा काय संबंध न्हाई." मी लगेच हो म्हणलं. मला वाटतं मी तिथं हो म्हणल्यामुळंच पुढचं बोलणं नीट झालं.

रिपोर्ट साध्या फुलस्केपवर, मराठीत, दोन पानं. प्रत्येक ओलीचं ठिकाण, कुठली टेस्ट केली, काय निघालं, तारीख, आणि फोटो व्हॉट्सॲपवर वेगळे. बेडरूम आणि खालचं छत, गरम लाईनमुळं. खिडकीची भिंत, कॉमन पावसाळी पाईपमुळं. गॅलरी, कूलरमुळं, आता ओल चालू नाही. दहा महिने आम्ही "गळती कुणाची" म्हणून भांडत होतो आणि गळत्या तीन निघाल्या, तीन वेगळ्या लोकांच्या.

फोडायचा दिवस वेगळा ठरला, त्याचं काम काकांनी मामांनाच दिलं. फक्त दीड फरशी फोडली. आत प्लॅस्टिकच्या पाईपला जोडताना बिल्डरच्या माणसांनी लोखंडी एल्बो, म्हणजे पाईप वळवायचा जोड, वापरलेला, तो आट्यांपाशी गंजून बोटानं चुरा होत होता. काका म्हणाले, गीझर बसवताना प्लंबरनं जोर लावला असेल. मामा म्हणाले, "हिसका बसला आसंल, मी न्हाई म्हणत न्हाई. पण लोखंड एका वर्षात आसं खात न्हाई काका, हे बांधलं तवापासनंचं हाय." आणि रिपोर्टच्या खाली त्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या, गंज जुना आहे आणि गीझर जोडताना धक्का लागला असण्याची शक्यता आहे. मला त्या क्षणी राग आला, पैसे मी दिलेत आणि हे माझ्याविरुद्ध लिहितात. पण नंतर कळलं की ते वाक्य लिहिलं म्हणून काकांनी बाकीचा रिपोर्ट मानला. ५ पैकी ४ देतेय त्यातला एक अख्खा स्टार त्या वाक्याचा आहे.

आता कायद्याचं, कारण खूप जणी मला हेच विचारतात. माझा मामेभाऊ उदगीरला एका वकिलांकडं काम करतो, त्यानं आमचं अ‍ॅग्रीमेंट वाचून जे सांगितलं ते माझ्या शब्दात लिहिते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम १४ मध्ये आहे की वेगळं काही ठरलेलं नसेल तर घर राहण्यालायक स्थितीत ठेवायची जबाबदारी घरमालकाची. मालकानं दुर्लक्ष केलं तर भाडेकरूनं कमीत कमी १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरीही झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च किरायातून वळता करता येतो, पण वर्षाला एकूण किरायाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. आमचा किराया धरला तर वर्षाचे १,१४,०००, म्हणजे जास्तीत जास्त २८,५००. नोटीस न देता परस्पर किराया थांबवायचा हे मात्र चुकीचं, तिथं आपणच अडकतो.

पण यात एक मोठी गोम आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. आपण स्वतःला भाडेकरू म्हणतो पण आजकालची जवळजवळ सगळी अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांची, लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे नुसत्या राहायच्या परवानगीची असतात, आणि कायद्यात भाडेकरू वेगळा आणि लायसन्सी वेगळा. कलम १४ मध्ये शब्द भाडेकरू असा आहे. लायसन्सीला शेवटी आधार अ‍ॅग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय त्याचाच. आणि आमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये पाण्याबद्दल एकच ओळ होती, "किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी." किरकोळ म्हणजे काय? नळाचा वायसर किरकोळ, पण भिंतीतला एल्बो? तो वस्तू म्हणून चाळीस-पन्नास रुपयांचा असेल.

भावानं २०२१ चा केंद्राचा मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टही दाखवला. तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारला तरच लागू होतो, पण त्याच्या मागं एक यादी आहे ती वाटणीसाठी फार सोयीची. बांधकामाची दुरुस्ती, पाईप बदलणं, प्लंबिंग, भिंतींचा रंग, वायरिंग हे मालकाकडं, जर किरायदारानं नुकसान केलेलं नसेल तर. नळ आणि नळाचे वायसर बदलणं, ड्रेनेज साफ करणं, बेसिन, संडासची भांडी, गीझरची दुरुस्ती, बटणं-सॉकेट हे राहणाऱ्याकडं. मी ती यादी काकांसमोर ठेवली, कायदा म्हणून नाही, असं वाटून घेऊ या का म्हणून. काकूंनी ती शांतपणे सगळी वाचली आणि म्हणाल्या, बरोबरच आहे की. त्यांच्याच बहिणीचा मुलगा पुण्याला किरायानं राहतो.

कॉमन पाईपचं तर भांडण व्हायलाच नको होतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमांत, सरळ आहे की पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या कॉमन पाईपची गळती सोसायटीच्या खर्चानं, आणि घरातल्या संडास-सिंकची गळती ज्याचा फ्लॅट त्याच्या खर्चानं. ज्याचा फ्लॅट म्हणजे मालक बरं का, आत राहणारा नाही. म्हणून खालच्या वहिनींचं छत ही काकांची आणि वहिनींच्या घरमालकांची आपसातली गोष्ट होती, वहिनी आमच्या दारात आल्या कारण आम्ही दिसतो. आमच्या बिल्डिंगची रजिस्टर सोसायटी नाही, तरी आठही मालकांनी तोच नियम धरून पाईपचे ४,२०० वाटून दिले. नवीन बिल्डिंग असती तर अजून एक दार होतं, रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दिसला तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, आमची मुदत कधीच संपलेली.

काही वेळा मात्र किरायदाराची चूक इतकी सरळ असते की मीटर लागत नाही. आमच्या वर तिसऱ्या मजल्यावर क्लासची पोरं राहतात. पाणी नव्हतं तेव्हा कुणीतरी नळ सोडून बघितला, बंद करायचा राहिला, सगळे क्लासला गेले आणि मागं पाणी आलं. लातूरला जिथं रोज पाणी येत नाही तिथं हे घरोघरी होतं. जिन्यावरून पाणी आमच्या हॉलपर्यंत आलं. पोरांनी येऊन पुसून दिलं आणि आमचा भिजलेला एक्स्टेन्शन बोर्ड नवीन आणून दिला. ज्या शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं असं पाणी जिन्यावरून वाहताना बघून जीव हळहळतो.

शेवटी हिशोब असा झाला. गरम लाईन आणि बेडरूमची भिंत काकांनी केली, लाईनचे ६,८०० लागले, रंग अजून बाकी आहे. गॅलरी खरवडून रंग मी केला, १,३५०. २,२०० ची फी मी दिली होती, काका म्हणाले निम्मी देतो, मी घेतली. आणि आधीच्या त्या फुकट गेलेल्या केमिकलचे माझे ४,५०० त्यांनी डिसेंबरच्या किरायात वळते केले, हे मी मागितलं नव्हतं, काकूंनी सांगितलं असणार. वह्या आणि गादीचे पैसे मी मागितले नाहीत. भाऊ म्हणाला, मालकाला कळवूनही त्यानं हलगर्जीपणा केला हे दाखवता आलं तरच तिथं काही बोलता येतं. सामानासाठी वेगळा विमा निघतो हे मला तेव्हा कळलं, भारत गृह रक्षा म्हणून एक ठरावीक पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून जनरल इन्शुरन्सच्या कंपन्यांकडं असते, त्यात पाईप फुटणं आणि टाकी ओसंडणं धरलेलं आहे आणि किरायानं राहणारा फक्त सामानाचाही काढू शकतो.

आता तक्रारी, कारण चार स्टार का, पाच का नाहीत ते सांगायला पाहिजे. सांगितलेल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा आले आणि कळवलं नाही, मी सकाळपासून पाणी न वापरता बसून होते. निळीचे डाग फरशीच्या सांध्यात अजून आहेत, ब्रशनं घासून जात नाहीत, आधी सांगितलं असतं तर चाललं असतं. फोडलेल्या फरशीच्या जागी मिळतीजुळती आणून देतो म्हणाले होते, पांढऱ्यात पिवळसर बसवली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिपोर्टवर शिक्का नाही, पक्कं बिल नाही. आमचं समजुतीनं मिटलं म्हणून चाललं, पण प्रकरण कोर्टापर्यंत जाणार असेल तर साध्या कागदावर भागणार नाही, सिव्हिल इंजिनिअरचा रिपोर्ट घ्यावा लागेल, भावानं हे स्पष्ट सांगितलंय. तसंच स्लॅबला तडा दिसत असेल, गज उघडे पडले असतील तर तिथंही इंजिनिअरच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही, स्लॅबचा तडा बघून पोटात गोळा येतो, तिथं अंदाजावर राहू नका. मामांनी स्वतःच सांगितलं, आमचं काम पाण्यापुरतं.

एक गोष्ट त्यांनी न विचारता केली ती लिहायलाच पाहिजे. बेडरूमच्या ओल्या भिंतीत पलंगाजवळ एक बोर्ड आहे, पोरगी तिथं मोबाईल चार्ज करते. भाच्यानं आल्या आल्या तो बोर्ड बघितला आणि त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे लाईट बंद करायचा खटका, आधी पाडला, म्हणाला भिंत वाळेपर्यंत हा वापरायचा नाही. दहा महिने माझं लेकरू ओल्या भिंतीतल्या बोर्डाला हात लावत होतं आणि कॉन्ट्रॅक्टर, पेंटर, काका, मी, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. घरात ओल असेल तर हे वाचल्यावर आधी उठून तेवढं करा.

डिसेंबरमध्ये नवीन अ‍ॅग्रीमेंट केलं, यावेळी नोटरी नाही, रजिस्टर. आधीची दोन्ही नोटरीच होती आणि मला वाटायचं तेवढं पुरतं. रजिस्टर करायची जबाबदारी कलम ५५ प्रमाणं मालकाची असते, आणि केलेलं नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे काकांना भावानं सांगितल्यावर ते स्वतःच म्हणाले करून टाकू. स्टॅम्प ड्युटी तीनशेच्या आसपास आणि नोंदणी फी १,०००. त्यात आता "किरकोळ दुरुस्ती" ही ओळ नाही. भिंतीतले आणि फरशीखालचे पाईप, गच्ची, बाहेरच्या भिंती मालकाकडं, नळ, बेसिन, आमचा गीझर, कूलर, वॉशिंग मशीन आणि त्यांच्यामुळं होणारं नुकसान आमच्याकडं, ओल दिसल्यापासून सात दिवसांत व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून कळवायचं आमच्यावर, आणि कळवल्यापासून पंधरा दिवसांत माणूस आणायचं त्यांच्यावर. कारण पटलं नाही तर शोधायचा खर्च निम्मा निम्मा. सह्या करायच्या आधी काका, मी आणि पोरगी असं तिघांनी सगळ्या भिंतींचा व्हिडिओ काढला, आणि मेन व्हॉल्व्ह कुठं आहे ते काकांनी पोरीला दाखवलं, दीड वर्षात मलाही माहीत नव्हतं.

बेडरूमची भिंत अजून उघडीच आहे, प्लास्टर दिसतंय, पलंग हॉलमध्ये आणलाय. पेंटर रोज फोन करतो की येऊ का, पण मामांनी बजावलंय की मीटर कोरडं दाखवत नाही तोवर पुट्टीचा हात लावू द्यायचा नाही, नाहीतर परत पोपडे. रविवारी भाचा मीटर लावून बघायला येणार आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत म्हणाला.